अल्ट्रावरचा पाऊस

दिवाळीत भावाकडे नाशिकला गेले होते. चप्पल काढते न काढते तोच वहिनी म्हणाली, "फराळ नंतर कर, आधी आत जा बाई. सकाळपासून वाट बघतोय तुझी." आत म्हणजे भाच्याच्या खोलीत. टेबलावर कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट होतं, एका बाजूने काचेचं, आणि आत निळे-जांभळे दिवे असे फिरत होते की गणपतीच्या मखराची आठवण व्हावी. साठ हजारांच्या घरातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग; निम्मे पैसे त्याच्या इंटर्नशिपचे, निम्मे वडिलांकडून भांडून घेतलेले. त्याने पडदे ओढले, दार लोटलं आणि 'सायबरपंक २०७७' सुरू केला. रात्रीची वेळ, पाऊस, अरुंद गल्ली. "आत्या, आता डबक्याकडे बघ हं." एक सेटिंग बंद केली तेव्हा डबकं नुसतंच ओलं होतं. चालू केली आणि समोरच्या दुकानाची गुलाबी पाटी त्यात उलटी उभी राहिली, थेंब पडला की थरथरायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, किती चित्रं निघतात त्याचा, हिरवा आकडा सतत बदलत होता. ७१, ६८, ७४. त्याने पात्राला भिंतीकडे वळवलं, आकडा ११२ झाला. "बघ, एकशेबारा!" मी विचारलं, हा आपला माणूस कोण, करतो काय? "व्ही त्याचं नाव." आणि? "स्टोरी अजून सुरू नाही केली गं. आधी सगळं नीट ट्यून करून घेतोय. कार्डाचं पुढचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर आलं की बघू."

हे वाक्य परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत डोक्यात राहिलं. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही माणसाजवळ अशा वेळी एक प्रवचन तयार असतं: आमच्या वेळी बघा, आठ रंगांत आम्ही केवढी मजा केली, आणि ही आजची पोरं. मीही ते मनातल्या मनात सुरू केलं. पण इगतपुरी गेल्यावर ते पुढे सरकेना. कारण ती गुलाबी पाटी डोळ्यांपुढून हलत नव्हती. खोलीत मी "छान आहे रे" एवढंच म्हटलं होतं, पण मनात आलं होतं की याने जरा उठावं आणि मला खुर्चीत बसू द्यावं.

फरक दिसला होता मला, हीच पंचाईत.

आमच्याकडे टीव्ही गेम आला तो सांगलीला, विश्रामबागेतल्या भाड्याच्या घरात. मुंबईच्या काकांनी भावाच्या मुंजीला दिलेला. म्हणजे तो भावाचा होता, मला तो थकला की मिळायचा. पिवळ्या कॅसेटवर 'हजारो गेम' लिहिलेलं असायचं, आत खरे पाच-सहाच, बाकी त्यांचीच नावं बदलून. कॅसेट फुंकायची, पुन्हा घालायची, अॅडॉप्टर तापला की पंख्याखाली धरायचा. बाबांचं ठाम मत होतं की याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, त्यामुळे त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की वायर काढून बातम्या लावायच्या. त्यात तो टोपी-मिशीवाला प्लंबर, मारिओ. त्याला टोपी आहे कारण १९८१ साली इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणं अवघड होतं, आणि मिशी आहे कारण तोंड काढायला जागा नव्हती; त्याला जन्म देणाऱ्या शिगेरू मियामोतोने हे स्वतःच सांगितलेलं आहे. आता सगळे म्हणतात, चित्र साधं होतं म्हणून आम्ही कल्पनेने भरून काढायचो. मी तरी काही भरत नव्हते. मला तो प्लंबर माणूस म्हणून कधी दिसलाच नाही. मला खड्डा दिसायचा आणि बटण कधी सोडायचं ते अंगठ्याला कळायचं. तो खड्डा हुकला तर चूक माझी असायची, कारण त्या खेळण्यातल्या यंत्राचं चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदलायचं आणि बहुतेक वेळ अडखळायचं नाही. दिसायला दरिद्री होतं पण हाताला एकदम चोख. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुण्याला गेल्यावर कळलं, जेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अडखळणारं यंत्र आलं.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आम्ही तिघी राहायचो. तिघींत मिळून एक कॉम्प्युटर, असेंबल करून घेतलेला, घरी सांगितलं होतं की प्रोजेक्टसाठी. इंटेलच्या ८४५जी चिपसेटचा मदरबोर्ड, ग्राफिक ऑनबोर्ड, म्हणजे वेगळं कार्ड नाहीच; आधीच तुटपुंज्या रॅममधले थोडे एमबी उसने घेऊन तो चित्र काढायचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा 'सँड्स ऑफ टाइम' कुणाकडून तरी कॉपी करून आणला आणि तो सुरूच होईना. तुमच्या कार्डात अमुक सोय नाही, एवढी पाटी यायची आणि गेम बंद. तेव्हा सगळ्या गरीब कॉम्प्युटरवाल्यांकडे एक औषध असायचं, 'थ्रीडी अॅनालाइझ' नावाचं इवलंसं सॉफ्टवेअर. ते गेमला खोटंच सांगायचं की ही सोय आहे, आणि ते काम कसंबसं प्रोसेसरकडून उरकून घ्यायचं. त्यात टिकमार्क करायच्या चौकटी खूप, कुठल्या गेमला कुठल्या चौकटी हे वहीत लिहून ठेवलेलं. अखेर राजपुत्र उभा राहिला. पाणी गायब होतं, धुकं काळं यायचं, मोठ्या दालनात गेलं की तो चिखलातून चालल्यासारखा चालायचा. मग आम्ही एक युक्ती शोधली: दालनात शिरताना कॅमेरा जमिनीकडे वळवायचा. दूरचं काही काढावं लागलं नाही की यंत्राला दम मिळतो. त्या राजवाड्याच्या फरश्या मला पाठ आहेत, छतं मी पाहिलेलीच नाहीत. राजपुत्राजवळ वेळ मागे नेणारा खंजीर असतो, चुकलात की वाळू खर्च करून क्षण परत फिरवता येतो. माझी निम्मी वाळू कॉम्प्युटरच्या चुकांवर गेली. उडी बरोबर मारलेली असायची, यंत्र अर्धा सेकंद विचार करत बसायचं, तेवढ्यात राजपुत्र दरीत.

लोक या दिवसांबद्दल फार गोड लिहितात. त्या वहीतल्या चौकटींत एक मजा होती हे खरं, पण ती जुगाडाची मजा होती, खेळाची नव्हे. सेकंदाला पंधरा फ्रेमवर खेळणं हे हाल आहेत. तेव्हा पाच हजारांचं साधं कार्ड मिळालं असतं तर मी त्यासाठी महिनाभर मेसचं एकवेळचं जेवण सोडलं असतं.

नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीला आले, मधली बरीच वर्षं गेम म्हणजे फोनवर फळं जुळवणं एवढंच उरलं. पुन्हा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं ते लॉकडाउनच्या थोडं आधी. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथला हमालसुद्धा बुचकळ्यात पडतो. एका दुकानाच्या काउंटरवर मी ग्राफिक्स कार्ड मागितलं. "मुलासाठी का मॅडम?" नाही, माझ्यासाठी. त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऑफिसचं काम असेल तर ऑनबोर्डवर आरामात होतं." ऑफिसचं नाही, गेम खेळायचेत. यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि एकदम दुसऱ्या टोकाला गेला: मग मॅडम घेताय तर आरटीएक्सच घ्या, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदला, कॅबिनेट बदला, फ्यूचरप्रूफ होऊन जाईल. शेजारी एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. मुलगा कार्डांची नावं घडाघडा म्हणत होता. गृहस्थांनी हळूच दुकानदाराला विचारलं, "पण हे घेतल्यावर खेळायला जास्त मजा येते का?" दुकानदार म्हणाला, "एफपीएस वाढतो ना सर." उत्तर ऐकून गृहस्थांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालं नाही. मी एन्व्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १६५० घेतलं. चार जीबी, पंच्याहत्तर वॉट, एसएमपीएसमधून वेगळी वायरसुद्धा लागत नाही. मदरबोर्डात खोचलं की झालं.

त्यानंतर जे झालं ते गेमरांना सांगायला नको. २०२१ मध्ये कार्डं बाजारातून नाहीशी झाली, इथेरियम हे डिजिटल चलन खणणाऱ्यांनी, म्हणजे कार्डांकडून हिशेब करवून ते मिळवणाऱ्यांनी, उचलली, आणि माझ्या वापरलेल्या १६५०ला मी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त देऊ करणारा माणूस भेटला. सोन्यानंतर घरातली दुसरी वस्तू जी वापरून महाग झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धतच बदलली, कार्डांनी खणणं एका रात्रीत संपलं, आणि वर्षभर रात्रंदिवस तापलेली कार्डं 'एकदम टकाटक' म्हणून विकायला आली. त्याच वर्षाअखेरीस स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत जगातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कार्ड म्हणून माझं १६५० वर आलं. त्याआधी कित्येक वर्षं तो मान २०१६च्या १०६०कडे होता. यूट्यूबवर बघावं तर जो तो चारशे-साडेचारशे वॉटच्या ४०९० या सगळ्यात भारी कार्डाबद्दल बोलतोय, आणि प्रत्यक्षात जग माझ्यासारखंच खेळतंय. सर्वसामान्य असण्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

त्या कार्डावर मी जे खेळले त्यातलं एक सांगते. मी विम्याच्या ऑफिसात क्लेम बघते. अपघात कसा झाला, कुणाचं म्हणणं कुणाशी जुळत नाही, कागदातली कोणती तारीख गडबडलेली आहे, दिवसभर हेच. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या गेममध्ये आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक असतो! १८०७ साल, एक बेपत्ता जहाज परत आलंय आणि त्यावर जिवंत कुणी नाही. साठ जणांचं काय झालं ते शोधून रजिस्टरात लिहायचं. हाडांच्या सापळ्याजवळ घड्याळ उघडलं की आधी अंधारात आवाज येतात, मग मृत्यूचा तो एकच क्षण गोठून समोर उभा राहतो आणि आपण त्याच्याभोवती फिरून बघायचं: कुणाच्या हातात पिस्तूल आहे, कोण दाराआडून बघतंय, कुणाच्या अंगठीवरून तो कोण ते कळतंय. सगळं चित्र दोन रंगांत. काळा आणि पांढरा, मधला करडासुद्धा नाही, नुसत्या ठिपक्यांनी सावली. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेलं हे काम, २०१८ सालचं. माझ्या कार्डाचा पंखाही धड फिरत नव्हता. ऑफिसातून आल्यावर पुन्हा क्लेमच तपासायला बसते म्हणून नवरा हसायचा, आणि मी रात्री दीड वाजता एका खलाशाचा गोंदवलेला हात बघून "हा तो!" म्हणून ओरडले होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेमही त्याच काळातला. धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी, पहाडी चित्रांचे रंग, मधूनमधून बाहुल्यांच्या सावल्यांत सांगितलेली गोष्ट. तो २०२० मध्ये सगळ्यांत आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे टॅब्लेटच्या ताकदीच्या हातातल्या यंत्रावर. तिथे जो भागला त्याला माझ्या कार्डावर काय अडचण येणार.

पण इथे मला स्वतःचाच संशय येतो. हे गेम मला आवडतात म्हणून मी खेळते, की माझ्या कार्डावर चालतात म्हणून मला आवडतात? ऐपत आवडीचा झगा घालून फिरते तेव्हा तिला ओळखणं अवघड असतं. बटाटेवडा आवडणाऱ्या माणसाने हॉटेलातलं मेन्यूकार्ड उजव्या बाजूने वाचलेलं नसतं असं थोडंच आहे? 'मला बाई साधेच गेम आवडतात' हे मी इतक्या वेळा म्हटलंय की खरं काय ते मलाही आता सांगता येणार नाही.

नाशिकहून आल्यावर आठवडाभराने भाच्याला फोन केला. विचारलं, तुझा मॉनिटर कोणता रे? तो म्हणाला, बाबांच्या ऑफिसातून आलेला, जुनाच. मला खोलीतच शंका आली होती. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, कार्डाने एकशेबारा काढली तरी जवळपास निम्मी डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. "म्हणजे एवढे दिवस...?" तो म्हणाला, आणि मग बराच वेळ शांतता. अगदीच फुकट नाही, मी म्हटलं, जास्त फ्रेम असल्या की हाताला थोडं चपळ लागतं. पण हिशेब करून बघ. तीस फ्रेमवर एक चित्र तेहतीस मिलिसेकंद टिकतं, साठवर सतरा. इथे सोळा-सतरा वाचले, आणि ते आंधळ्यालाही कळतात. साठवरून १४४वर गेलास तर आणखी दहाच्या आत. १४४वरून २४०वर, तीनसुद्धा नाहीत. आणि पैसे? ते नेमके उलटे वाढत जातात. तसंच पिक्सेलचं. आपल्या साध्या फुल एचडीत सुमारे २१ लाख ठिपके, फोर केमध्ये ८३ लाख. चौपट रंगकाम. म्हणून आधी मॉनिटर ठरवायचा आणि मग त्याला पुरेल तेवढं कार्ड घ्यायचं. सगळे करतात उलटं, कारण मॉनिटरला दिवे नसतात. तो म्हणाला, "आत्या, तुला हे आधी नाही का सांगता आलं?" आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आमच्या इथे फडके रोडच्या एका कोपऱ्यावर संध्याकाळी डिलिव्हरीची पोरं थांबतात. ऑर्डर येईपर्यंत बाइकवर आडवी-तिडवी बसून बीजीएमआय, फोनवरचा बंदुकांचा खेळ. त्यांच्या मागे उभं राहून बघायची मला सवय लागलीय. एकाच्या फोनची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली, त्यावर सेलोटेप, आणि अंगठ्यांना पावडर लावलेली, घामाने घसरू नयेत म्हणून. एकदा त्याची सेटिंग दिसली: ग्राफिक्स 'स्मूथ', म्हणजे अगदी खालची, आणि फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम'. मला वाटलं फोन साधा म्हणून. तो म्हणाला, "नाही काकू, भारी फोन घेतला तरी स्मूथच ठेवायचं. गवत जास्त दिसलं तर माणूस कसा दिसणार?" हे अगदी वरपर्यंत खरं आहे. 'काउंटर-स्ट्राइक'च्या मोठ्या स्पर्धांत बक्षिसासाठी खेळणारे, ज्यांच्या टेबलाखाली लाखाची यंत्रं असतात, त्यांतले बरेचसे १२८० बाय ९६०वर ताणलेलं, ओबडधोबड चित्र घेऊन खेळतात. झगमगाट बंद. जिंकायचं असेल तर दृश्य आड येतं. म्हणजे सगळ्यात महाग कार्ड लागतं कुणाला? जिंकणाऱ्याला नको, गोष्ट ऐकणाऱ्याला फारसं नको. उरतो तो बघणारा. ज्याला गल्लीत नुसतं उभं राहायचं आहे.

आणि मी त्यातली आहे, असं मला वाटायला लागलंय.

कारण मग मी भाच्याचा तो 'सायबरपंक' माझ्या १६५०वर टाकलाच. गेमला किमान काय लागतं त्या यादीत १०६० आहे, म्हणजे माझं कार्ड दाराबाहेरचं. तरी चालला. सगळं 'लो'वर, वर एएमडी या कंपनीचं एफएसआर नावाचं तंत्र, जे चित्र लहान काढून मोठं करून दाखवतं आणि दुसऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालतं. फ्रेम तिसावर बांधून टाकल्या, म्हणजे वरखाली होऊन जीव खायला नको. केसांच्या कडा थरथरतात, दूरच्या पाट्या वाचता येत नाहीत, पाऊस पडतो पण रस्ता राखाडीच राहतो. व्हीचा मित्र जॅकी भेटला. त्याचं बोलणं, त्याची आई, एका मोठ्या घबाडाची दोघांची स्वप्नं. नंतर एक टॅक्सीचा प्रवास आहे. काय होतं ते सांगत नाही, भाचा हे वाचेल. पण त्या प्रवासात मला कुठलीच सेटिंग आठवली नाही, आणि गाडी थांबल्यावर मी हेडफोन काढून जरा गॅलरीत जाऊन आले. तेवढ्यापुरतं लॅमिंग्टन रोडवरच्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटलं: नाही हो, नाही लागत. पण दुसऱ्या दिवशी रात्री त्याच बाजाराच्या गल्लीत उभी होते आणि मला ठाऊक होतं की इथे डबक्यात काहीतरी आहे. शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं बसून त्या शहरातला उजेड रचलाय. वरच्या मजल्यांचा झगमगाट खालच्या चिखलात पडतो, हेच त्या शहराचं म्हणणं आहे, आणि माझ्या कार्डाने ते पुसून टाकलं होतं. गोष्ट कळली होती, पण ज्या शहरात ती घडते ते मी निम्मंच पाहिलं होतं. पुन्हा फरश्या बघत चालले होते म्हणा ना.

गंमत म्हणजे त्या गेममधली सगळ्यात वरची सेटिंग, ज्यात उजेडाचा किरण न् किरण मोजतात, ती फोर केमध्ये निव्वळ ताकदीवर चालवायला गेलं तर ४०९०सुद्धा सेकंदाला वीस फ्रेमपर्यंत पोचत नव्हतं. बाकीचं अंदाजाने भरतात: लहान चित्र मोठं करायचं, दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कल्पनेने काढायची. आता एन्व्हिडियाच्या नव्या ५०च्या मालिकेतल्या कार्डांत तर चारांतल्या तीन फ्रेम अशा कल्पिलेल्या असू शकतात. ५०९०ला ५७५ वॉट लागतात, आपल्याकडे किंमत दोन लाखांच्या पुढे, आणि तरी ते अंदाजच बांधतंय. आमचं थ्रीडी अॅनालाइझ खोटं बोलायचं त्याला कुणी दोन लाख दिले नव्हते.

हे सगळं हौसेचं झालं. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स'चा गेम आणि २०२५चा 'डूम: द डार्क एजेस' हे रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेडाचे किरण मोजण्याची, सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. लो नाही, मीडियम नाही, दारच बंद. पूर्वी गेम करणारे खोलीत कुठे उजेड, कुठे सावली ते आधीच रंगवून ठेवत. वेळखाऊ काम, दिवा हलवला की पुन्हा सगळं रंगवायचं. आता तो हिशेब खेळताना आपलं कार्ड करतं. त्यांची मेहनत वाचते, बिल आपल्याकडे येतं. न्यायाने सांगायचं तर त्यांनी मागितलंय ते काही दोन लाखांचं कार्ड नाही, २०१९चं २०६० सुपर पुरतं. म्हणजे महाग नको, पण जुनंही नको. आणि जे कार्ड आज मधलं आहे ते किती दिवस मधलं राहणार, हे आता आपल्या हातात नाही. एन्व्हिडियाचं जानेवारी २०२५ला संपलेलं वर्ष बघा: १३० अब्ज डॉलरांच्या विक्रीत गेमिंगचे अकरा, डेटा सेंटरचे ११५. तीनच वर्षांपूर्वी गेमिंगचा आकडा डेटा सेंटरपेक्षा मोठा होता. ज्या गिऱ्हाइकावर दुकान उभं राहिलं ते आता गल्ल्यापासून लांब, मागच्या बाकावर बसलंय.

तर मी कार्ड घेणार आहे. तीस हजारांच्या आतलं, मधलंच. फुल एचडीला पुरेल, रे ट्रेसिंग चालेल, डबकं अल्ट्रावर नाही तरी मीडियमवर चमकेल. एसएमपीएसही बदलावा लागेल, त्याचे वेगळे, वर सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. कागदावर मांडून नवऱ्याला दाखवलं. तो चष्मा वर करून म्हणाला, "पण गरज आहे का?" अजिबात नाही, मी म्हटलं, जुन्यावर सगळं चालतंय, आणि नवीन घेतल्याने गोष्ट काही वेगळी घडणार नाही. "मग?" मग काय, मला ती पाटी बघायची आहे. यावर तो पुन्हा कागदाकडे बघत म्हणाला, एवढ्यात नवीन फ्रीज येईल. आपल्या फ्रीजला काय धाड भरलीय, चांगला चालतोय की.